तळ्याकाठच्या सहा रिकाम्या जागा

१

जी वस्तू सर्वांच्या मालकीची असते तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ भेटतात. तिची काळजी वाहणारा क्वचित भेटतो, आणि भेटला तरी तो काळजी कोणत्या मार्गाने वाहतो हे पाहावे लागते. शुद्ध हेतूनेही एखाद्याच्या वाट्याचे हिरावले जाऊ शकते. पुढील हकिगतीत ज्याच्यावर आळ आला तो निर्दोष होता, ज्याने कृत्य केले तो सज्जन होता, आणि तरीही त्या शनिवारी फाटकापाशी चौदा मुले ताटकळत उभी राहिली, हे सत्य उरतेच.

त्या सार्वजनिक उद्यानात तळ्याच्या काठाने तंबूंसाठी चोवीस जागा होत्या. पूर्वी त्या वहीत नाव लिहून मिळत. गेल्या वर्षापासून सारा व्यवहार संगणकावर गेला. महिनाभर आधी, सकाळी आठच्या ठोक्याला पडद्यावर जागा खुल्या होत आणि चहा गार होण्याच्या आत संपत. शनिवार ते शनिवार असा पुरा आठवडाही एका नावावर घेता येई.

अनाथाश्रमातील मुलांच्या शिक्षिकेने त्यासाठी सहा सकाळी खर्ची घातल्या होत्या. पडद्यावर चक्र फिरे. फोनवर येणारा खातरजमेचा अंक जागा गेल्यावर उगवे. एकदा तर जागा हाती आली असता होड्यांची चित्रे निवडून आपण माणूस असल्याचे सिद्ध करण्याचे फर्मान सुटले, आणि ते सिद्ध होईतो जागा गेली. शेवटी, निदान तळे तरी दाखवावे, म्हणून त्या शनिवारी ती मुलांना घेऊन आली आणि त्यांना फाटकापाशी थांबवून विचारायला आत गेली. पाहते तो काय, भरगच्च तळावर सहा जागा रिकाम्या! ना तंबू, ना माणूस.

"दादा, ह्या मोकळ्या आहेत की!" ती उद्यानरक्षकाला म्हणाली.

"मोकळ्या नाहीत बाई, नावं लागलीत त्यांना. आठवडा संपेपर्यंत मशीन सोडत नाही."

"मग ती नाववाली माणसं कुठायत?"

रक्षकाने मान खाली घातली. शिक्षिकेने छायाचित्रे काढून मुख्य कार्यालयास पाठवली. चौकशीत उघड झाले की पाच आठवडे हाच प्रकार चालला होता: दर शनिवारी सहा जागा, तीस निरनिराळी नावे, आणि येणारे कोणी नाही. रक्षकाने ओळखीच्यांसाठी जागा अडवल्या असा आरोप ठेवण्यात आला. सुनावणी गुरुवारी होती. एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा संपायला अवघे तीन महिने उरले होते, आणि आरोप सिद्ध झाल्यास त्याला बडतर्फ होऊन घरी जावे लागणार होते.

त्याची थोरली बहीण निवृत्त ग्रंथपाल होती. आरोपाचे पत्र वाचून तिने चष्मा पुसला व भावासमोर बसली.

"तू केलंस?"

"नाही, ताई."

"कोणी केलं ते ठाऊक आहे?"

भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिला. "मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "गुरुवारीही नाही."

२

अडतीस वर्षे ग्रंथालयात काढल्यामुळे ग्रंथपाल बाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पुस्तक नाहीसे होते तेव्हा ते बहुधा चोरीला गेलेले नसते. कोणाला तरी ते इतरांच्या हाती पडू द्यायचे नसते, म्हणून ते भलत्याच कपाटात सरकवलेले असते. आणि ते कोणते कपाट आहे यावरून सरकवणारा ओळखता येतो. भाऊ लहानपणापासून एकाच कारणासाठी गप्प बसे: खरे बोलल्याने दुसऱ्याला मार बसणार असेल तर. तेव्हा त्या मौनाचा तिला रागही आला आणि अभिमानही वाटला. मात्र पुरावा म्हणून दोन्हींचा उपयोग नव्हता.

मंगळवारी सकाळी ती उद्यानाच्या कार्यालयात गेली. पूर्वी खिडकीवर बसून पावत्या फाडणारी कारकून आता संगणकापुढे बसून लोकांच्या शिव्या खात असे. सगळे तिला खिडकीबाई म्हणत. तिची खिडकी रस्त्याकडे उघडे. तळे तिला तिथून दिसत नसे.

"आतून जागा अडवता येते का हो?" बाईंनी विचारले.

"आतून?" खिडकीबाई हसली. "अहो, माझ्या सख्ख्या आईला जागा मिळवून देता आली नाही मला. ती आठ दिवस बोलत नव्हती माझ्याशी. आत बाहेर काही नाही, आठ वाजता सगळे एकाच रांगेत. मशीन माझंसुद्धा ऐकत नाही."

"पण तीस वेळा जागा मिळवली कोणीतरी."

"हो ना! आणि तेही एका फोनवरून नाही. तीस नावं, तीस नंबर, तीस घरं. मी तेच साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ही नावं आली कुठून ते शोधा. मी शोधली." तिचा आवाज खाली आला. "नसती शोधली तर बरं झालं असतं, बाई."

तिने कपाटातून जुन्या वह्या काढल्या. एकोणतीस वर्षांच्या त्या नोंदवह्या काळ्या शाईत, समास आखून, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेल्या होत्या. बाई क्षणभर केवळ त्या अक्षराकडे पाहत राहिल्या. अशी वही कोणत्याही ग्रंथालयाने मिरवावी.

मग खिडकीबाईने बोट ठेवले. एक नाव. पान उलटून दुसरे. तिसरे. तीसच्या तीस माणसे पूर्वी या तळावर राहून गेली होती, आणि प्रत्येकाचे नाव भावाच्या हाताने लिहिलेले होते.

३

फाटकाबाहेर तंबू, सतरंज्या आणि कंदील भाड्याने देणाऱ्याचे दुकान होते. त्याला तंबूशेठ म्हणत. जागा रिकाम्या राहिल्याने त्याचा धंदा बुडत होता. म्हणजे कृत्य त्याचे नसावे. परंतु ज्याचे नुकसान होते त्याचे डोळे उघडे असतात, म्हणून बाई त्याच्याकडे गेल्या.

"मला विचारताय? मी तर रोज बोंबलतोय!" तंबूशेठ म्हणाला. "सहा जागा म्हणजे माझे सहा तंबू घडीतच. आणि एक सांगतो, तुमच्या भावाने मला एकतीस वर्षांत कधी ओळखीवर जागा दिली नाही. माझ्या मेव्हण्याला रांगेत उभं केलंन! मेव्हणा अजून मला टोमणे मारतो."

"रिकाम्या जागांवर तुम्ही कधी गेला होतात?"

"गेलो होतो एकदा रविवारी, म्हटलं कोणी आलंय का बघू. बूट चिखलात रुतला. पाऊस नाही, पाणी नाही, आणि तिथेच तेवढा चिखल. शेजारच्या तंबूपाशी कोरडं खडखडीत. भुतंखेतं आंघोळ करतात की काय, देव जाणे."

बाईंनी हे टिपून घेतले. मग खिडकीबाईकडून आणलेल्या यादीतील पहिल्या क्रमांकावर तिथूनच फोन लावला. पलीकडे एक वृद्ध आवाज आला.

"आपण पाच नंबरची जागा घेतली होती. आला नाहीत?"

"नाही आलो," आवाज प्रसन्नपणे म्हणाला.

"काही अडचण आली का?"

"छे! अडचण कसली? यायचंच नव्हतं. पण जागा मिळवली हो! मुलगा, सून, मी, तिघे तीन फोन घेऊन बसलो होतो. सुनेला मिळाली. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते."

"यायचं नव्हतं, तर घेतली कशाला?"

 मग तोच आवाज सावध झाला. "आपण कोण बोलताय?" आणि फोन बंद.

दुसऱ्या क्रमांकावरही हेच झाले, तिसऱ्यावरही. त्या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मात्र तिघांच्याही बोलण्यात अपराधाची छटा नव्हती. उलट एखादे व्रत पार पाडल्याचे समाधान होते.

४

बुधवारी सकाळी बाई तळावर उतरल्या. हातात जागांची यादी होती: पहिल्या शनिवारी एक, पाच, नऊ, तेरा, सतरा, एकवीस. दुसऱ्या शनिवारी दोन, सहा, दहा आणि पुढे तशाच. तिसऱ्या व चौथ्या शनिवारी आणखी एकेक घर पुढे. पाचव्या शनिवारी पुन्हा एक, पाच, नऊ. चार आठवड्यांत चोवीस जागा एकदा रिकाम्या राहून चक्र पूर्ण झाले होते.

हे कोणाच्या ओळखीच्या माणसांसाठी नव्हते. ओळखीच्या माणसाला उत्तम जागा देतात, क्रमाने सगळ्या देत नाहीत. इथे कोणाला तरी जागाच हवी होती, रिकामी हवी होती आणि पाळीपाळीने हवी होती.

बाई चालू लागल्या. जिथे तंबू होते तिथे गवत झिजून माती उघडी पडली होती. झाडांची मुळे हाताच्या शिरांसारखी वर आली होती. आणि या आठवड्याच्या सहा रिकाम्या जागांवर ओल्या मातीतून कोवळे गवत डोके वर काढत होते.

त्यांना वहीतला एक शब्द आठवला. दर पानावर, सहा जागांसमोर, नावाऐवजी भावाने लिहिलेला असे: विसावा. पूर्वी प्रत्येक जागेला तीन आठवडे वापर आणि एक आठवडा विश्रांती मिळे. संगणकाला विश्रांती शिकवायची राहून गेली. त्याने चोवीसच्या चोवीस जागा वर्षाचे सगळे दिवस वाटून टाकल्या.

मग हा विसावा भावानेच दिला असेल का? त्या एका नळाजवळ टेकल्या. नळाला पाण्याची नळी लावलेली होती, आणि तिचे दुसरे टोक एकवीस क्रमांकाच्या जागेत पडले होते.

त्यांनी काठाकडे नजर टाकली. चोवीस जागांमध्ये सहा नळ होते. दर चार जागांमागे एक. आणि प्रत्येक नळापाशी, एकच, केवळ एकच जागा रिकामी होती.

त्या उठल्या, लगबगीने कार्यालयात गेल्या आणि जुनी वही उघडली. भावाने लिहिलेला विसावा सलग असे: एक ते सहा, मग सात ते बारा. एकोणतीस वर्षांत एकदाही नळागणिक नव्हे.

बाईंनी वही मिटली. नळांचा हिशेब ठेवणारा उद्यानात एकच होता, तिथला जुना माळी. आता त्यांना नाव कळले होते.

५

माळीबाबा रोपांच्या छपरात पालापाचोळा चाळत बसले होते. वयाने भावापेक्षा पाचसहा वर्षांनी थोरले. कागदोपत्री निवृत्त, पण रोज हजर.

"या बाई. बसा. त्या पाटीवर नको, ती ओली आहे."

"माळीबाबा, माझा भाऊ सलग सहा जागांना विसावा का द्यायचा?"

"सहा जागांभोवती त्याला एकच दोर बांधायला लागायचा म्हणून!" माळीबाबा उसळले. "मी जन्मभर सांगत आलो, अरे ओळ धरू नकोस, नळ धर. सहा नळ सहा जागांना एकदम चालू राहतात, नळी ओढावी लागत नाही. सलग सहा घेतल्या की दोनच नळ कामाला, आणि मी आपला नळी खांद्यावर घेऊन दिवसभर..." ते थांबले. चाळणी खाली ठेवली. "सापडलो म्हणा की."

"तुम्हाला तर फोनवर बटणसुद्धा धड दाबता येत नाही."

"हिरवं दाबता येतं. तेवढं पुरतं." ते आतून एक मळकी डायरी घेऊन आले. "इथून जाणाऱ्या माणसाला मी एक रोप देतो. नंबर लिहून घेतो. वर्षातून एकदा विचारतो, रोप कसं आहे म्हणून. साठेक घरं असतील. मुख्य कार्यालयाला तीन पत्रं लिहिली, की जमीन मरतेय. तिन्ही वेळा उत्तर आलं, आपली सूचना नोंदवली आहे. खाली एक लांबलचक आकडा. मग मी त्या घरांना फोन केले. म्हटलं, अमक्या शनिवारी आठ नंबर तुमचा. आठवडाभर घ्या, आणि कृपा करून येऊ नका."

बाईंना हसू आवरेना. "असं आमंत्रण कोणी दिलं नसेल आजवर."

"एकही नाही म्हणाला नाही, बाई. एका जागेसाठी पाच पाच घरं सकाळी उठून बसायची. ज्याला मिळाली तो मला फोन करून ओरडायचा."

बाईंचे हसू मावळले. त्यांनी त्या शनिवारच्या चौदा मुलांची हकिगत सांगितली. होड्यांची चित्रे सांगितली, सहा सकाळी सांगितल्या. माळीबाबा ऐकत होते. त्यांचे मातीने माखलेले हात मांडीवर निश्चल पडले.

"हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"भावाला तुमचं कृत्य ठाऊक होतं."

"असणारच. नळ पाहिले असतील त्याने. गाढव आहे! माझ्यापायी गप्प बसला होय?"

"उद्या मी तुमचं नाव घेणार नाही," बाई म्हणाल्या. "ते माझ्याच्याने होणार नाही. पण त्याचं नाव धुऊन निघेल एवढं सांगणार. मग पुढचा प्रश्न साहेब विचारतीलच."

माळीबाबांनी चाळणी उचलली. ते पुन्हा पालापाचोळा चाळू लागले.

६

गुरुवारी अकरा वाजता कार्यालयात टेबलामागे मुख्य कार्यालयातून आलेले उपसंचालक बसले. एका बाजूला शिक्षिका, दुसऱ्या बाजूला खिडकीबाई, आणि मध्ये उभा असलेला रक्षक. त्याने गणवेशाला इस्त्री केली होती.

"काही सांगायचंय?" उपसंचालकांनी विचारले.

"नाही, साहेब."

"मला सांगायचंय," असे म्हणून बाईंनी तळाचा नकाशा टेबलावर पसरला आणि ग्रंथालयातल्या शांत स्वरात बोलू लागल्या. जागा कोणासाठी अडवल्या नव्हत्या. त्यांना विश्रांती देण्यात आली होती. तळाला विश्रांती लागते हे जाणणारी माणसे तीन. खिडकीबाईंनी ती वहीत वाचली होती. त्यांनी केले असते तर वहीप्रमाणे सलग सहा जागा धरल्या असत्या, कारण नळ कुठे आहेत हे त्यांच्या खिडकीतून दिसतच नाही. रक्षकाने एकोणतीस वर्षे दोर वाचवला. त्याने केले असते तरी सलगच केले असते. इथे दर नळापाशी एक जागा आहे, आणि ती जागा भिजवलेली आहे. हा क्रम दोर बांधणाऱ्याचा नव्हे, नळी ओढणाऱ्याचा आहे.

"म्हणजे तिसरा माणूस," उपसंचालक म्हणाले. "कोण तो?"

बाई गप्प राहिल्या. रक्षकही गप्प. उपसंचालकांनी लेखणी टेबलावर आपटली. "बाई, नाव सांगितल्याशिवाय हे सगळं हवेत आहे! तुमच्या भावाला..."

"नाव मी सांगतो."

दारात माळीबाबा उभे होते. धुतलेला सदरा घातलेला होता. ते उपसंचालकांकडे गेले नाहीत. सरळ शिक्षिकेपुढे जाऊन उभे राहिले.

"पोरी, साठ घरांना मी फोन केले. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता, एवढ्यासाठी तुझी मुलं बाहेर राहिली. चूक माझी. ह्याची नाही."

शिक्षिकेचे डोळे भरून आले, पण स्वर ढळला नाही. "बाबा, जमीन थकलीय असं पाटीवर लिहिलं असतंत तर आम्ही उलट्या पावली गेलो असतो, आणि मुलांना मी ते समजावलं असतं. तुम्ही लपवलंत. त्याचा राग आहे मला, आणि तो इतक्यात जाणार नाही."

"जाऊ नको देऊस," माळीबाबा म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

मग माळीबाबांनी मुख्य कार्यालयाला लिहिलेल्या तीन पत्रांची गोष्ट सांगितली. उपसंचालकांनी तिन्ही पत्रांचे आकडे विचारले. माळीबाबांनी डायरीतून वाचून दाखवले. खिडकीबाईने ते संगणकात घातले, आणि तिन्ही पत्रे पडद्यावर आली: न उघडलेली. उपसंचालक ती उभ्यानेच वाचू लागले. तिसरे पत्र संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"ही माझ्या विभागाकडे आली होती," ते म्हणाले. मग ते रक्षकाकडे वळले. "तुम्ही ओळखलं होतंत?"

"दुसऱ्याच आठवड्यात, साहेब."

"आणि बडतर्फीची पाळी आली तरी बोलला नाहीत."

"गवत उगवत होतं, साहेब. आणि माळीबाबांना ह्या वयात टेबलापुढे उभं करायला जीभ वळली नाही. पण ह्या शिक्षिकाबाई म्हणतात ते खरं. निदान पाटी लावायची अक्कल मला यायला हवी होती. तेवढा ठपका लिहा."

उपसंचालकांनी लिहिले. आरोप निराधार, रक्षकाची सेवा निष्कलंक. न कळवल्याबद्दल रक्षकास आणि माळीबाबांस तोंडी समज. पत्रे न उघडल्याबद्दल स्वतःच्या विभागास लेखी. खोट्या नोंदी तत्काळ बंद. यापुढे दर आठवड्यास सहा जागा पडद्यावर सर्वांना दिसतील अशा रीतीने 'विसावा' म्हणून दाखवाव्यात. आणि दर शनिवारी दोन जागा आश्रम व शाळांसाठी खिडकीवर, वहीत नाव लिहून द्याव्यात.

"सलग सहा की नळागणिक?" खिडकीबाईने हळूच विचारले.

रक्षकाने माळीबाबांकडे पाहिले. एकतीस वर्षांचा वाद होता तो.

"नळागणिक," रक्षक म्हणाला.

"आत्ता सुचलं!" माळीबाबा पुटपुटले, आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

बाहेर आल्यावर बहीणभाऊ बराच वेळ काठाने चालत राहिले. भाऊ प्रत्येक नळापाशी थांबून बहिणीला गवत दाखवत होता, जणू घरातले लेकरू दाखवावे तसे. ती त्या गवताकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती. आपल्या पाठचा हा भाऊ निष्कलंक नावाने घरी येणार, आणि ते नाव वाचवायला त्याने दुसऱ्याचे नाव पुढे केले नाही, या विचाराने तिची मान ताठ झाली होती.

ज्यांनी न येण्यासाठी सकाळी उठून जागा मिळवल्या त्या घरांचे कल्याण असो. ज्याने माती राखली त्याचे हात असेच चालत राहोत. ज्याने मौन राखले त्याला निवृत्तीचे दिवस सुखाचे जावोत. आणि जी मुले त्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहिली त्यांना, लवकरच, तळ्याकाठी मोकळ्या आभाळाखाली शांत झोप लागो.